सहाशे दहाची घट

घरी सहाशे दहा आणि परीक्षेत चारशे अडतीस. मधले एकशे बहात्तर मार्क कुठे गेले, हे आमच्या दिग्रसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मत मात्र प्रत्येकाला होतं. शेजारच्या हंसाबाई म्हणाल्या, नजर लागली. क्लासचे सर म्हणाले, पोरगी घाबरली. आई म्हणाली, नीट खाऊन गेली नव्हती. मी सांगत होते की मी घाबरले नव्हते, दोन पोळ्या आणि दही खाऊन गेले होते आणि नजर लागण्यासारखं माझ्यात काही नाही. पण पडलेल्याचं कोण ऐकतं?

मी रुपाली. परीक्षा म्हणजे नीट, डॉक्टर व्हायची. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस मार्क. बरोबर आला की चार मिळतात, चुकला की एक कापतात. पहिल्या वर्षी आपटले तेव्हा घरात कुणी मला एका शब्दाने रागावलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रागाच्या भरात मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की अजून एकच वर्ष, तेही नाही जमलं तर पुन्हा डॉक्टरकीचं नाव काढणार नाही. कुणी मागितलाही नव्हता तो शब्द. पण बोलले ते बोलले. माझी जीभ माझ्या डोक्याच्या दोन पावलं पुढे असते, असं आई म्हणते.

दुसऱ्या वर्षी क्लास सोडला आणि विहाराच्या वरच्या खोलीतल्या अभ्यासिकेत बसू लागले. तिथे पुस्तकं पुढच्याला द्यायची रीत आहे. भिंतीवर पाटीच लावली आहे : ‘झाल्यावर खोडरबरने साफ करून पुढच्याला द्यावे.’ माझ्याकडे सराव परीक्षांच्या बावीस पुस्तिका पहिल्या वर्षीच आल्या होत्या, त्या संघदीपदादाकडून; निम्म्या तेव्हा सोडवल्या, निम्म्या आता. तो आमच्या अभ्यासिकेतला पहिला एमबीबीएसला लागलेला, त्यामुळे त्या पुस्तिकांना मान होता. मी उत्तरं वेगळ्या कागदावर लिहायची, वेळ लावायची, मार्क मोजायची. सहाशे चार. सहाशे दहा. सहाशे पंधरा. आणि चुकलेल्या प्रश्नांची उत्तरं एका वहीत हिरव्या आणि लाल पेनाने इतक्या सुंदर अक्षरात उतरवायची की ती वही बघायला मुली यायच्या.

मार्च सरत आला. परीक्षेला बेचाळीस दिवस राहिले, तेव्हा बाबांनी तोंड उघडलं.

माझे बाबा, बाबाराव, एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहेत. कापसाची गाडी आली की वरचा पांढराशुभ्र थर बघून भाव ठरत नाही. बाबा कोपरापर्यंत हात आत घालतात, मूठभर कापूस काढतात, बोटांवर धागा ओढतात आणि सांगतात : कवडी किती, पाला किती, ओल किती. कवडी म्हणजे किडीने डागाळलेला कापूस. ओलीसाठी यंत्र आहे, पण व्यापारी यंत्राआधी बाबांच्या तोंडाकडे बघतात. शिक्षण सातवी. इंग्रजीतले आकडे तेवढे वाचता येतात.

मार्चमध्ये गाड्या कमी होतात. दुपारी बाबा घरी यायचे, बाजेवर बसायचे आणि माझ्याकडे टक लावून बघायचे. एक दिवस म्हणाले, “रुपा, मागच्या साली घरून सहाशे दहा घेऊन निंगाली अन् काट्यावर चारशे अडतीस भरले. बराबर?”

“बाबा, आता ते कायले काढता?”

“मले समजून नाही राह्यलं म्हनून. कापूस घरून निंगते तवा क्विंटल असते. जिनिंगच्या काट्यावर नव्वद किलो भरते. मानूस म्हनते, रस्त्यात चोरी झाली. चोरी नसते बेटा. ओल असते. घट रस्त्यात होत नाही. घट घरीच असते, काट्यावर फक्त दिसते.”

माझं डोकं सणकलं. “म्हंजे मी घरी खोटे मार्क मांडून राह्यली का?”

“मी कुठं म्हनलो? मी इचारून राह्यलो.”

हा बाबांचा स्वभाव. त्यांना राग येत नाही, प्रश्न पडतात. आणि एकदा प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत ते जेवतानाही घास हातात धरून बसतात. आई म्हणाली, “पोरीचा जीव खाऊ नका.” बाबा म्हणाले, “मी जीव नाही खात, घट पाहून राह्यलो.”

त्यांनी नियम घातला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. परीक्षा दुपारी दोन ते पाच असते आणि मी सराव सकाळी करायची. म्हणून मला भर दुपारी टिनाच्या खोलीत बसवलं. पाठीवरून घाम वाहत होता. सहाशे सहा. बाबांनी मान हलवली. मग आवाजाची पाळी. मला जिनिंगच्या ऑफिसात बसवलं, भिंतीपलीकडे यंत्र धडधडत होतं. पाचशे अठ्ठ्याण्णव. “आठ-दहानं काही होत नाही,” बाबा म्हणाले. मग परकं माणूस समोर असल्याने होतं का, हे बघायला हंसाबाईंना खुर्ची देऊन पर्यवेक्षक केलं. त्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की तीन तास मला पाणीही पिऊ दिलं नाही, आणि आई चहा घेऊन आली तर तिला दारातूनच परत पाठवलं. सहाशे बारा.

मी जिंकल्यासारखी हसले. “आता सांगा, कोठी हाये ओल?”

बाबा मात्र खुश दिसले नाहीत. “टाइम नाही, आवाज नाही, मानूस नाही. मंग राह्यलं काय?” स्वतःशीच बोलत त्यांनी बोटं मोजली. “पोरगी तीच. पेन तोच. राह्यला पेपर. आन बरं तो पेपर.”

मी पुस्तिका आणून दिली. त्यांनी ती उघडली, पण वाचणार काय? नुसती पानं उलटत बसले. कापूस बघताना अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायची त्यांना सवय आहे. कागदावरही त्यांचं बोट तसंच फिरत होतं. फिरता फिरता थांबलं.

“इथं कोनं लिहिलं होतं?”

“कोनीच नाही. कोरं हाये ते.”

“कोरं नाही.” त्यांनी डोळे मिटले आणि बोट हळूहळू खाली आणलं. “हा सातवा न? याचं तिसरं. आठवा... पह्यलं. नववा दिसत नाही. दहावा, चौथं.”

मला वाटलं, बाबा गंमत करताहेत. तरी मागचं उत्तराचं पान उघडलं. सातव्याचं तिसरं. आठव्याचं पहिलं. दहाव्याचं चौथं.

मी पुस्तिका हिसकावून घेतली आणि खिडकीकडे तिरपी धरली. मग दिसलं. संघदीपदादाने पेन्सिलीने बरोबर पर्यायावर खूण केली होती, आणि पाटीवरच्या नियमाप्रमाणे इमानदारीने खोडलीही होती. शिसं गेलं होतं, पण दाब राहिला होता. प्रत्येक प्रश्नाखाली एका पर्यायाशी बारीकसा खळगा. दादा पेन्सिल धरतो की नांगर, कोण जाणे.

“अजून काढा,” मी म्हणाले. आता मला राहवेना. फिजिक्सचे वीस प्रश्न मी बोट ठेवून दाखवले, बाबांनी डोळे मिटून उत्तरं दिली, आईने उत्तराच्या पानावर ताडून बघितली. वीसपैकी अठरा. सातवी पास बाबांना, इंग्रजीचं अक्षर न वाचता, फिजिक्समध्ये माझ्यापेक्षा जास्त.

आई पदर तोंडाला लावून हसली, मलाही हसू आलं. मग हसू गेलं आणि मला इतकी लाज वाटली की मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिले. मी चोरी केली नव्हती. मला खरंच माहीत नव्हतं. पण दोन पर्यायांत अडकले की माझी नजर आपोआप एकाकडे जायची, आणि मी खूण करायची. क्लासचे सर सांगायचे, ‘पहिलं मन काय सांगतं ते ऐका.’ मी मनाचंच ऐकते आहे असं मला वाटायचं. ते माझं मन नव्हतं, ती संघदीपदादाची पेन्सिल होती.

रागाने मी त्याला फोन लावला. तो नागपूरला होस्टेलवर होता. सगळं ऐकून आधी पोटभर हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. “रुपाली, मले तर कोऱ्याच भेटल्या होत्या वं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात अपराधीपणा होता. परीक्षेचाही पेपर कोराच येतो.

मला त्या पुस्तिका चुलीत घालायच्या होत्या. बाबांनी हात धरला. “थांब. अजून पक्कं कोठी झालं? कोऱ्या पेपरवर तोल पह्यले.”

यवतमाळच्या एका क्लासचा नवा पेपर मैत्रिणीने फोनवर पाठवला होता. झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. दुपारी दोन ते पाच. मार्क मोजले तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी होती. चारशे सेहेचाळीस.

वर्षभरात आठ मार्क वाढले होते. आठ! मी ढसाढसा रडले. रडता रडता म्हणाले की आता काही होत नाही, माझा शब्द मीच दिला आहे, बी.एस्सी.चा फॉर्म आणा. आई जवळ बसून पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबा मात्र पेपर घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

“तुम्हाले आनंद होऊन राह्यला का?”

“होय,” बाबा म्हणाले. “आज खरं वजन भेटलं. खोट्या वजनावर मानूस काय करीन? खऱ्यावर काम होते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, यात बरोबर किती? एकशे वीस. चुकले चौतीस, सोडले सव्वीस. मी सवयीने हिरवा आणि लाल पेन काढला आणि चुकलेले चौतीस समोर घेतले. बाबांनी ते बाजूला सरकवले.

“हे नंतर. हे तर दिसूनच राह्यले. आधी पांढरे दाखव.”

“बाबा, ते बरोबर हायेत!”

“गाडीचा वरचा थर पांढराच असते. हात आत घालू दे.”

आणि मग एकशे वीस बरोबर प्रश्नांची उलटतपासणी सुरू झाली. प्रत्येकाला एकच प्रश्न : हे कसं आलं? मी सांगायचं, मराठीत, त्यांना समजेल असं. त्यांना फिजिक्स कळत नव्हतं, पण मी कुठे अडखळते ते कळत होतं. “मंग?” म्हणायचे. “काहून?” म्हणायचे, म्हणजे का बरं? माझं वाक्य जिथे घाईने उडी मारायचं, नेमकं तिथे त्यांचं ‘काहून’ यायचं. ज्याचं उत्तर मला सांगता आलं नाही, त्यासमोर ते शून्य काढायचे. दोन दिवसांत एकोणतीस शून्यं झाली. एकोणतीस प्रश्न बरोबर आले होते आणि मला येत नव्हते. वर्षभर त्या सुंदर वहीत मी यांच्यातला एकही उतरवला नव्हता, कारण बरोबर आलेल्याकडे कोण बघतं?

चुकलेल्यांची गंमत वेगळीच होती. त्यातला एक आम्हाला अर्धा दिवस पुरला. बीटी कपाशी कोणत्या किडीपासून वाचते, असा प्रश्न होता. पर्यायांत बोंडअळी होती. मी शेवटचा पर्याय निवडला होता, ‘यांपैकी नाही’.

“काहून?” बाबा म्हणाले.

“तुम्ही रोज सांगता न, बीटीतही गुलाबी अळी पडली म्हणून.”

“मंग बराबरच हाये! किती कवडी येऊन राह्यली अळीची. पुस्तकवाल्याले आन म्हना जिनिंगमध्ये.” बाबा उठून उभेच राहिले. पहिल्यांदाच त्यांना पेपरचा राग आला होता. फेऱ्या मारल्या, परत बसले. मग जरा वेळाने म्हणाले, “पन प्रश्नात काय लिहिलं, पुन्हा वाच.”

मी वाचून मराठीत सांगितलं. कपाशी कोणत्या किडीविरुद्ध तयार केली, असं विचारलं होतं. आज ती किती वाचते, असं नव्हतं विचारलं.

“पाह्य,” बाबा हळूच म्हणाले. “त्यानं एक इचारलं, तू दुसरंच सांगून आली. तुह्यं खरं हाये, पन ते त्यानं इचारलंच नाही.”

मी चौतीस चुका तपासल्या तर असे अकरा प्रश्न निघाले. येत होतं, आणि तरी विचारलेलं सोडून भलतंच उत्तर दिलं होतं. माझी जीभ डोक्याच्या पुढे धावते, असं आई उगाच म्हणत नव्हती. पेनाचंही तेच होतं. तेव्हापासून प्रश्नाच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारल्याशिवाय पर्यायांकडे बघायचंच नाही, असा मी नियम केला.

बेचाळीस दिवसांतले शेवटचे तीस राहिले होते. आठवड्याला दोन कोरे पेपर, आणि एका पेपरमागे दोन दिवस ‘काहून’. आकडे लगेच वाढले नाहीत. चारशे बावन्न आले, मग चारशे एकतीस आले आणि मी पेन भिंतीवर फेकला. बाबांनी तो उचलून दिला आणि विचारलं, “शून्यं किती?” शून्यं एकोणतीसवरून तेरावर आली होती. मार्क घसरले होते आणि शून्यं कमी झाली होती. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी होतंय. भीती होतीच, पण भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. पुढच्या पेपरात आणखी काय सापडेल, हे मला खरोखर बघायचं होतं. शेवटच्या पेपरला पाचशे बावीस पडले आणि शून्यं होती चार.

परीक्षा झाली. प्रश्नपुस्तिका घरी आणता येते. बाबा फाटकातच उभे होते. त्यांनी कसा गेला हे विचारलंच नाही, पुस्तिका घेतली, बाजेवर बसले आणि डोळे मिटून पानांवरून बोट फिरवलं.

“इथं दोनदा दाबलं. काहून?”

मी कारण सांगितलं. “इथं?” तेही सांगितलं. उत्तरं जाहीर झाली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून मोजलं, आणि ‘हे येतच होतं’ म्हणून एकाही प्रश्नाला सूट दिली नाही. पाचशे एकतीस. बाबांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.

निकालाच्या दिवशी फोन आईने धरला होता. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि कॅलेंडरकडे बघितलं. पाचशे एकतीस. बाबा उठले. भिंतीजवळ गेले, आकड्याखाली पेन्सिलीने ‘घट नाही’ असं लिहिलं आणि तिथेच पाठमोरे उभे राहून डोळे पुसले. माझ्या बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मेडिकलची यादी लागायला अजून वेळ होता. अभ्यासिकेतली नयन दोनदा पुस्तिकांसाठी येऊन गेली. यंदा तिची पहिली वेळ. मी तिला खळग्यांचं सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “ताई, मी नाही पाहत तिकडे.” मीही बघत नव्हते. खळगे जावेत म्हणून झेरॉक्स काढून बघितली, तर आकृत्यांचे नुसते काळे डाग आले. शेवटी मी शाई संपलेला पेन घेतला आणि प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांवर दाब द्यायला सुरुवात केली. बावीस पुस्तिका, एकेकीत एकशे ऐंशी प्रश्न. पहिली झाल्यावर बाबांना दिली. त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि परत केली. “जुना अजून खालून लागून राह्यला. जोरात दाब.”

दुसऱ्या यादीत माझं नाव आलं, यवतमाळच्या सरकारी मेडिकलला. हंसाबाईंनी पेढे वाटले आणि सराव परीक्षेच्या वेळी पाणी न देण्याचं श्रेयही घेतलं. त्याच संध्याकाळी नयन पुन्हा दारात आली. माझी बाविसावी पुस्तिका नुकतीच संपली होती, अंगठ्याला घट्टा पडला होता. मी गठ्ठा बाबांसमोर ठेवला. त्यांनी मधूनच एक ओढली, मधलंच पान उघडलं, डोळे मिटले. बोट खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. नयन त्यांच्या बोटाकडे बघत होती.

बाबांनी डोळे उघडले. “आता मले काहीच समजून नाही राह्यलं,” ते म्हणाले. “दे तिले.”